आईकडून काय येतं

एकाच जातीच्या फळमाशांची दोन कुळं घ्या. एक अलीकडे बाहेरून, मोकळ्या हवेतून पकडून आणलेलं. दुसरं कित्येक दशकं प्रयोगशाळेच्या बाटल्यांत वाढलेलं. बाहेरची मादी आणि प्रयोगशाळेतला नर अशी जोडी लावली, तर पोरी धडधाकट निपजतात आणि भरपूर अंडी घालतात. आता फक्त बाजू बदला. नर बाहेरचा, मादी प्रयोगशाळेतली. त्याच दोन कुळांच्या, अर्धं या कुळाचं अर्धं त्या कुळाचं डीएनए घेतलेल्या पोरी वांझ निघतात. २९ अंशांच्या आसपास वाढवल्या तर त्यांची अंडाशयं आक्रसलेली आणि रिकामी असतात.

मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते. हे फळ्यावर मांडलं की दरवर्षी कुणी ना कुणी उठतंच. "असं कसं ओ मॅडम? अर्धं बापाचं, अर्धं आईचं. बेरीज तर तीच की!" पोरांचं बरोबर आहे. बेरीज तीच आहे. मेंडेलच्या हिशोबात कोणता तुकडा कुणाकडून आला याला किंमत नाही. मग एक पोरगी लेकुरवाळी आणि दुसरी वांझ, हे कशामुळे?

मार्गारेट किडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट १९७७ साली नीट मांडली. समाधानकारक उत्तर यायला २००८ उजाडलं. अभ्यासक्रमात या सगळ्याला जागा थोडी आहे, पण मी त्यावर वेळ घालवते, कारण आपल्याकडे आईविषयी जितकं बोललं जातं तितकं आईकडून नेमकं काय येतं हे कुणी सांगत नाही. 'बी पुरुषाचं, बाई म्हणजे शेत' हे म्हणणं आपल्या मनात इतकं मुरलेलं आहे की शिकलेल्या घरांतही ते सहज तोंडात येतं. शेताने फक्त बी रुजवायचं, स्वतःचं काही सांगायचं नाही. माझ्या मते या माशा त्या म्हणण्याचं सगळ्यात ठोस उत्तर आहेत.

पण आधी त्या वांझपणामागचा गुन्हेगार सांगायला हवा. जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या सगळ्या मजकुरात, असे तुकडे असतात जे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, किंवा आपली प्रत काढून ती दुसरीकडे घुसवतात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात, बोलीत उड्या मारणारी जनुकं. ती पहिल्यांदा ओळखली बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी, १९४० च्या दशकात, अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे, मक्यात.

त्यांचा पुरावा डोळ्यांनी दिसणारा होता, म्हणून मला तो फार आवडतो. मक्याचं कणीस सोलून हातात धरा. दाणे फिकट, आणि त्यांवर जांभळे ठिपके. काही दाण्यांवर एखादा मोठा डाग, काहींवर बारीक बारीक शिंतोडे. फिकट रंगाचं कारण असं की रंग बनवणाऱ्या जनुकात एक तुकडा मध्येच येऊन बसलाय आणि ते जनुक बंद पडलंय. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा उडून बाहेर पडला, की तिथलं जनुक पुन्हा चालू होतं आणि त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती जांभळ्या होतात. उडी लवकर पडली तर डाग मोठा, उशिरा पडली तर ठिपका. म्हणजे कोणत्या वेळी उडी झाली याची नोंद दाण्यावर उमटलेली असते आणि ती भिंगाशिवाय वाचता येते. मॅक्लिंटॉकनी १९५० साली हे छापलं. बरीच वर्षं फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

मका परका वाटत असेल तर आपली ज्वारी घ्या. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात येणाऱ्या शाळूच्या प्रत्येक पेशीत ७३ कोटींच्या आसपास अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या सगळ्यात लहान घटकांचा, जीनोम आहे, आणि त्यातला अर्ध्याहून बराच जास्त भाग असल्या तुकड्यांनी व्यापलाय. ज्वारीचा जीनोम २००९ साली वाचला गेला तेव्हा हे स्पष्ट झालं. आणि माणूस? आपल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी जवळजवळ निम्मी या तुकड्यांतून आलेली आहेत. प्रथिनं बनवण्याचा मजकूर दोन टक्केसुद्धा नाही. लाइन-१ नावाच्या एकाच तुकड्याच्या पाच लाखांच्या आसपास प्रती आपल्यात आहेत. बहुतेक मोडक्या, पण शंभरेक अजून उडी मारू शकतात.

ती उडी कुठे पडेल याचा नेम नाही. १९८८ साली हेग कझाझियन यांच्या गटाने हिमोफिलियाच्या २४० रुग्णांची तपासणी केली. त्यांतल्या दोघांमध्ये लाइन-१ चा तुकडा रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठच्या जनुकात नव्याने येऊन बसलेला सापडला. त्या घुसखोरीपायी साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही असं आयुष्य वाट्याला आलं.

अशी उडी माझ्या हाताच्या कातडीत पडली तर ती माझ्याबरोबर संपेल. बीजांडात किंवा शुक्राणूत पडली तर पिढ्यान्‌पिढ्या चालेल. त्यामुळे ट्रान्सपोझॉनला खरा रस जननपेशींत असतो, तिथे प्रत वाढली तरच तो टिकतो. आणि त्यामुळेच प्राण्यांनी सगळ्यात कडक बंदोबस्त तिथे ठेवला आहे.

माशांकडे परत येऊ. बाहेरच्या माशांमध्ये पी एलिमेंट नावाचा ट्रान्सपोझॉन आहे. प्रयोगशाळेतली जुनी कुळं तो येण्याआधी पकडलेली, त्यांच्यात तो नाही. म्हणजे विसाव्या शतकात कधीतरी, आपल्या आजी-आजोबांच्या हयातीत, हा तुकडा या जातीत शिरला आणि काही दशकांत जगभरच्या माशांत पसरला. तो आला ड्रोसोफिला विलिस्टोनी या दुसऱ्याच जातीच्या माशीकडून. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला लाखो वर्षं आठवतात. इथे एका जातीचा जीनोम बदलला तो माणसाच्या एका आयुष्याइतक्या काळात.

वांझ पोरींना हा तुकडा बापाकडून मिळाला आणि तो त्यांच्या जननपेशींत बेफाम उड्या मारू लागला. गुणसूत्रं तुटली, पेशी मेल्या. पण धडधाकट पोरींनाही तोच तुकडा मिळाला होता, फक्त आईकडून. तिथे तो गप्प का बसला?

याचं उत्तर पिवी नावाच्या प्रथिनापासून सुरू होतं. १९९७ साली हायफान लिन आणि अॅलन स्प्रॅडलिंग यांनी ते बनवणारं जनुक शोधलं, जे बिघडलं तर माशीच्या जननपेशींचा साठाच टिकत नाही. २००६ साली एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांना दिसलं, की पिवी कुळातली प्रथिनं आरएनएचे, म्हणजे डीएनए वाचून उतरवलेल्या प्रतीचे, छोटे छोटे तुकडे धरून बसलेली असतात, पंचवीस-तीस अक्षरांचे. त्यांना पायआरएनए म्हणतात. प्रत्येक तुकड्याची अक्षरं वेगळी. ज्या आरएनएशी ही अक्षरं उलट्या बाजूने जुळतात, त्यावर पिवीची धाड पडते. पेशीच्या केंद्रकात जुळलं तर ट्रान्सपोझॉनचं वाचनच बंद केलं जातं. केंद्रकाबाहेर जुळलं तर त्याच्या आरएनएचे तुकडे होतात.

याची सगळ्यात नेमकी उपमा मला एका विद्यार्थ्याने दिली. तो पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, वडिलांचा छोटा कारखाना, त्यात जकार्डचे माग. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे माग तोच राहतोय. भोकं पाडलेली कार्डं बदलली की चादरीवर मोराच्या जागी कमळ येतंय. मागाला काय माहीत मोर का कमळ? कार्डाला माहीत." पिवी असाच आहे. कुणाला गप्प करायचं हे त्याला स्वतःला कळत नाही, हातात धरलेल्या पायआरएनएवर ते लिहिलेलं असतं.

मग हे तुकडे येतात कुठून? २००७ साली ज्यूलियस ब्रेनेके, ग्रेगरी हॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या जीनोममध्ये त्यांच्या १४२ जागा दाखवल्या. त्या जागांमध्ये आहे काय, तर ट्रान्सपोझॉनचेच मोडके अवशेष, एकावर एक पडलेले. फ्लेमेन्को नावाची एक जागा एक्स गुणसूत्रावर आहे, सुमारे १ लाख ८० हजार अक्षरांची. तिथे जिप्सी नावाच्या ट्रान्सपोझॉनच्या कुळातले तुकडे पडलेत, आणि बहुतेक एकाच दिशेला तोंड करून, उलटे. तो सगळा पट्टा एका लांब आरएनएत उतरवला जातो आणि मग त्याचे बारीक तुकडे होतात. ते उलटे असल्यामुळे जिवंत जिप्सीच्या आरएनएशी नेमके जुळतात.

नवा ट्रान्सपोझॉन आला की तो इकडे तिकडे उड्या मारत सुटतो. मारता मारता त्याची एखादी प्रत अशा जागेत पडते आणि तिथे अडकते. त्या क्षणापासून त्या माशीकडे त्याच्याविरुद्धचे पायआरएनए तयार होऊ लागतात. म्हणजे ज्याला आत येऊ दिलं, ज्याच्याकडून मार खाल्ला, त्याच्याच तुकड्यांतून त्याला रोखायचं साधन बनतं. याहून दुसरा कच्चा माल जीनोमकडे नाही.

आणि एकदा का सुरुवात झाली की माल वाढतच जातो. उलटा पायआरएनए ट्रान्सपोझॉनच्या आरएनएला दहाव्या आणि अकराव्या अक्षराच्या मधोमध कापतो. कापलेल्या टोकापासून एक नवा, सुलटा पायआरएनए बनतो. तो जाऊन त्या अवशेषांच्या जागेतून आलेल्या लांब आरएनएला कापतो आणि त्यातून पुन्हा उलटा तयार होतो. अशी टोलवाटोलवी चालते, पिंगपाँगच म्हणतात तिला. हे खरंच घडतं याची खूण म्हणजे या दोन प्रकारच्या तुकड्यांची पहिली दहा अक्षरं एकमेकांशी नेमकी जुळतात. अमेरिकेत हॅननच्या गटाला आणि जपानमध्ये मिकिको सिओमींच्या गटाला २००७ मध्येच स्वतंत्रपणे ही खूण सापडली. यातली जमेची बाजू मला विलक्षण वाटते. ट्रान्सपोझॉन जितका जास्त बोलेल, तितका त्याच्याच आरएनएतून त्याला गप्प करणारा साठा मोठा होतो. गप्प असलेल्यावर पेशी ताकद वाया घालवत नाही.

आता आई. डाळिंबाच्या हंगामात मार्केट यार्डात फुटलेल्या फळांवर फळमाशा घोंगावतात. तिथे केळं आणि गूळ घातलेली बाटली ठेवली की माशा मिळतात, मग रवा-गुळाच्या खाद्यावर त्या वाढवता येतात. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४० च्या पुढे जातो आणि बाटल्या सांभाळणं अवघड होतं, म्हणून हे काम हिवाळ्यातलं. अंड्यांनी फुगलेली मादी घेऊन, सौम्य मिठाच्या पाण्यात दोन सुयांनी तिचं पोट उघडायचं. दोन अंडाशयं बाहेर येतात, पोट जवळजवळ त्यांनीच भरलेलं असतं. प्रत्येकात पंधरा-सोळा सर असतात. सुईने ते विलग करता येतात. सराच्या निमुळत्या टोकाला सगळ्यात कोवळे कोष, खाली येता येता मोठे होत गेलेले, आणि तळाशी तयार अंडं, पाठीवर दोन बारीक दोऱ्यांसारख्या शिंगांसह.

मधला एखादा कोष भिंगाखाली आणला की मुली हमखास विचारतात, यातलं अंडं कुठलं? कारण आत सोळा पेशी दिसतात. एकाच पेशीच्या चार विभाजनांतून झालेल्या सोळा बहिणी. त्यांतली एक अंडं होते. बाकी पंधरा तिला पोसतात, बारीक नळ्यांतून आपला सगळा ऐवज तिच्यात ओततात आणि मरून जातात. त्या ऐवजात पायआरएनए धरलेली पिवी कुळातली प्रथिनं असतात. ती अंड्याच्या मागच्या टोकाला जमतात, नेमक्या त्या टोकाला जिथे पुढच्या पिढीच्या जननपेशी तयार होणार आहेत. बापाच्या शुक्राणूतून असा साठा येत नाही.

२००८ साली ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी दोन्ही जोड्यांतल्या पोरींचे पायआरएनए मोजले आणि कोडं सुटलं. ज्या आईच्या कुळाला पी एलिमेंट माहीत होता, तिने अंड्यातच त्याच्याविरुद्धचे पायआरएनए भरून ठेवले होते. प्रयोगशाळेतल्या आईला तो कधी भेटलेलाच नव्हता, म्हणून तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. डीएनए तेच आणि निकाल वेगळा, तो आईने जनुकांखेरीज काय दिलं यावर. शेत म्हणून जिला गप्प बसवलं, ती बी रुजण्याआधीच त्याला बजावून ठेवते की या या लोकांपासून जपायचं.

वर्गात इथे नेहमी पुढचा प्रश्न येतो. मग ज्या आईला शत्रू ठाऊक नाही तिच्या पोरींनी मरायचंच का? नाही. २०११ साली दिसून आलं, की अशा वांझ माशांना काही आठवडे जगू दिलं तर त्यांतल्या कित्येक हळूहळू अंडी घालू लागतात. बापाकडून आलेल्या गुणसूत्रांवर अवशेषांच्या जागा होत्याच, पण आईकडून चालना न मिळाल्याने त्या थंड पडल्या होत्या. वय वाढेल तसे त्यांतून पी एलिमेंटविरुद्धचे पायआरएनए बनू लागतात.

ऑस्ट्रेलियातल्या कोआलात तर अशी घुसखोरी आज, आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. एक रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली प्रत यजमानाच्या डीएनएत घुसवणारा विषाणू, त्यांच्या जननपेशींत शिरतोय, उत्तरेकडच्या कोआलांत तो सगळीकडे पोचलाय आणि दक्षिणेकडे अजून कमी. २०१९ च्या एका अभ्यासात कोआलाच्या वृषणात त्या विषाणूविरुद्ध पायआरएनए सापडले, पण अजून उलटे नव्हे, बहुतेक सुलटेच. विषाणूच्या न कापलेल्या, न जोडलेल्या कच्च्या आरएनएला ओळखून त्याचे तुकडे करायचं काम सुरू झालं होतं. म्हणजे आठवण तयार होण्याआधीचीही काही पहिली फळी असावी असं दिसतं.

सस्तन प्राण्यांत ही गोष्ट नराच्या बाजूने जास्त अभ्यासली गेली, आणि याचा आपल्या घरांशी सरळ संबंध आहे. गर्भातल्या नर उंदराच्या जननपेशींत डीएनएवरच्या मिथाइलच्या, म्हणजे तिथला मजकूर बंद ठेवणाऱ्या, जुन्या खुणा पुसल्या जातात आणि नव्याने लावल्या जातात. खुणा पुसल्या की ट्रान्सपोझॉनला रान मोकळं. त्या वेळी पायआरएनएच दाखवून देतात की कुठे कुठे खुणा परत लावायच्या. उंदरातली पिवी कुळातली तीन जनुकं आहेत, त्यांतलं कुठलंही एक बिघडलं तरी नर शुक्राणू बनवू शकत नाही. माणसातही हेच. पीएनएलडीसी-१ नावाचं विकर पायआरएनएची टोकं छाटून त्यांना मापात आणतं. २०२१ साली, एकमेकांशी नातं नसलेल्या चार पुरुषांत या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या सापडल्या. त्यांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते.

हे शिकवताना माझा आवाज चढतो, आणि मी तो आवरत नाही. माझ्या लहानपणी शेजारी एक बाई राहायच्या. दिवसभर विड्या वळायच्या, नवरा मागावर. मूल नव्हतं. तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, सिद्धेश्वराला किती नवस बोलल्या त्याला गणती नाही. कुणाचं डोहाळजेवण असलं की त्यांना बोलावणं नसायचं, ओटी भरायला तर नाहीच. सगळ्या तपासण्या त्यांच्या झाल्या. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करा असं त्या घरात कुणी एकदाही म्हणालं नाही. साधी, स्वस्त तपासणी आहे ती, तेव्हाही सोलापुरात होत होती. बी पुरुषाचं म्हणून मान त्याचा, आणि उगवलं नाही की दोष शेताचा, हा न्याय कुठल्या पेशीत लिहिलेला नाही. माझ्या वर्गातल्या मुलींची लग्नं दोन-चार वर्षांत होतात. नापीकपणा नराचाही असतो, त्याची कारणं रेणूंपर्यंत जाऊन सांगता येतात, हे त्यांना आणि त्यांच्याहून जास्त वर्गातल्या मुलांना कळलंच पाहिजे.

एक गोष्ट मात्र उंदराने बरीच वर्षं झाकून ठेवली. उंदरीण या जनुकांशिवायही पिल्लं देते, म्हणून सस्तन मादीला पायआरएनए लागत नाहीत असा समज बसला होता. पण माणसात पिवी कुळातली जनुकं चार आहेत आणि उंदराने त्यांतलं एक, पिविएल-३, गमावलेलं आहे. उंदरासारख्याच छोट्या गोल्डन हॅमस्टर या प्राण्यात चारही आहेत. २०२१ मध्ये तीन गटांनी हॅमस्टर वापरून पाहिलं तर चित्र पालटलं. पिविएल-१ नसलेल्या मादीची बीजांडं फलित होतात, पण गर्भ दोन पेशींवर येऊन थांबतो. मानवी बीजांडांतही पिविएल-३ ने धरलेले वीसेक अक्षरांचे छोटे आरएनए आढळले आहेत. मानवी बीजांडं प्रयोगासाठी सहज मिळत नाहीत, मिळूही नयेत, त्यामुळे पुढचा बराच शोध हॅमस्टरवरच व्हायचा आहे. आमच्या नोट्समध्ये या धड्याला अजून एकट्या उंदराचं चित्र आहे. जूनमध्ये नवा वर्ग येईल त्याआधी त्याच्या शेजारी हॅमस्टरची मादी काढून घ्यायची आहे, आणि खाली चारही जनुकांची नावं.